लाल फडक्याखालची साल

वडिवळ्यात आमच्या परसातल्या आंब्याखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कामशेतपासून लोक आले होते. लोणावळ्याला फिरायला निघालेल्या दोन गाड्याही वाट वाकडी करून थांबल्या होत्या. नऊ वर्षं मोहोर न धरलेलं झाड यंदा इतकं लगडलं होतं की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. बुंध्याला लाल फडकं गुंडाळलेलं होतं आणि लोक त्याला डोकं टेकवत होते.

हे मोहोरबाबांचं काम. गेल्या भादव्यात ते पांढऱ्या गाडीतून आले, झाडाभोवती कनात लावून घेतली, आम्हाला पाठ फिरवून उभं केलं आणि आत अर्धा तास मंत्र म्हटले. कनात निघाली तेव्हा फडकं बांधून झालं होतं. "वरीसभर सोडायचं न्हाई. सोडंल त्याचा वंश बुडंल!" बाबा मूळचे कुठले ते कोणाला माहीत नाही, पण शाप मात्र अस्सल मावळी बोलीत देत.

दुसरा चमत्कार त्या दिवशी माझ्यावर व्हायचा होता. मी तेजल, या घरची सून. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. थायरॉईडसाठी डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि तीन महिन्यांत अंगावरची सूज उतरू लागली होती. बाबांनी त्या बंद करायला सांगितल्या. माझ्या सासूने, बयाबाईंनी, गोळ्यांची डबी नेऊन बाबांच्या ताटात ठेवली. गोळ्या थांबल्या की मी पुन्हा दिवसभर पेंगत फिरणार आणि मूल आणखी लांब जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी राग येत नव्हता. सहा वर्षं इतकं ऐकलं होतं की आत काही हलेनासंच झालं होतं. पाटावर बस म्हणाले, बसले. माझा नवरा पवन समोरून मोबाइलवर चित्रीकरण करत होता.

"झाड वांझ व्हतं का न्हाई?" बाबांनी गर्दीला विचारलं.

"व्हय!"

"फळलं का न्हाई?"

"फळलं!"

"मग बाई का फळायची न्हाई? शक्ती खाली वाहून चाललीय, ती वर अडवायची! झाडाची अडवली, हिची बी अडवू. एक्केचाळीस दिवस पोटाला फडकं, आन् औषध बंद!"

वर अडवायची. हे शब्द मी रोज ऐकते, पण मंत्रात नव्हे. तळेगावजवळच्या एका रोपवाटिकेत मी पाच वर्षं गुटी कलमं बांधते. फांदीची साल अंगठीसारखी गोल काढायची आणि तिथे ओलं शेवाळ बांधायचं. "साल काढली की अन्न वर अडतं," असं आमचे मुकादम नव्या बायकांना शिकवतात. थोड्या दिवसांनी कापाच्या वरची बाजू फुगते आणि तिथे मुळं फुटतात.

मी मान वळवून आंब्याकडे पाहिलं. फडक्याच्या वर बुंधा तसाच फुगला होता. परस झाडताना रोज ती सूज माझ्यासमोर होती. पण फडकं देवाचं, म्हणून तिथे नजरच गेली नव्हती.

मी उठले आणि गाठ सोडायला लागले.

"ए तेजल, हात नको लावू! वंश बुडंल!" सासूबाई ओरडल्या.

"आत्या, बुडायला हाय कुटं?"

फडकं खाली पडलं. चार बोटं रुंदीची साल बुंध्याभोवती गोल सोललेली होती. आतलं लाकूड काळं पडलं होतं.

"बघा! शक्तीनं साल खाल्ली!" बाबा म्हणाले.

"मग शक्तीकडं सुरी व्हती. कड बघा, किती सरळ हाय."

सासरे हौशीराम पुढे आले. त्यांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. "पर फळं तर आली की, पोरी?"

"आबा, मुळं पाणी वर चढवत्यात ते आतल्या लाकडातनं. लाकूड शाबूत हाय, म्हणून पानं अजून हिरवी. पर पानं साखर बनवत्यात, ती सालीतनं खाली मुळांना जाती. साल काढली, वाट बंद. साखर वरच तुंबली, त्यानं मोहोर आला, फळं धरली. खाली मुळं आठ म्हयने उपाशी हायेत."

"म्हंजी झाड?"

"मरतंय, आबा. औंदा न्हाई तर फुडल्या साली."

गर्दीतून एक बाई किंचाळली, "आमच्या चिकूला बी बांधलंय की ह्यानं!" आणि ती घराकडे पळत सुटली. तिच्यामागे आणखी चौघं पळाली. त्या गडबडीत बाबांची गाडी निघूनही गेली. पवनने मोबाइल खिशात घातला.

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मी ताटातली डबी उचलली. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"म्याच दिली गं डबी त्याच्या ताटात."

"पाणी द्या, आत्या," मी म्हणाले आणि गोळी घेतली.

नंतर मी त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या जखमेच्या वरच्या आणि खालच्या सालीत पुलासारख्या खोचून बांधल्या आणि साखरेला खाली जायला वाट करून दिली. झाड जगेल असं छातीठोक सांगता येत नाही.

तुमच्या गावात असं फडकं दिसलं, तर डोकं टेकवण्याआधी सोडून बघा. आणि कोणी तुमच्या माणसाचं औषध मागितलं, तर ते देऊ नका, आधी डॉक्टरला विचारा. आंब्याला बोलता येत नव्हतं. मला येत होतं, तरी मी त्या पाटावर जाऊन बसले होते. तुम्ही बसू नका.