पार्किंगमधलं हजेरीचं यंत्र

तीन मजली दुकान, आणि त्यातल्या सगळ्यांच्या जिवाची काळजी एकट्या मावशीला. ती व्यवस्थापकाची सख्खी मावशी, म्हणून बिलाच्या काउंटरवरच्या पोरींपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांचीच मावशी. फरशीवर पाणी सांडलं की फडकं घेऊन हजर. कुणी शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढलं, की खालून अशी शिट्टी फुंकायची की माणूस त्या दचक्यानेच खाली यावा.

आज मात्र परीक्षा तिचीच होती. आग लागली असं समजून दुकान रिकामं करायचं होतं, चार मिनिटांत, आणि ते बघायला अग्निशमन दलाचे साहेब येणार होते. आधीच्या दोन सरावांत पुरता फज्जा उडाला होता.

"मावशी, या वेळी नाही जमलं तर तुझ्या जागी मला बाहेरचा माणूस ठेवावा लागेल," भाच्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. "वरून तसं आलंय. तू मग घरी बस, आराम कर."

आराम! नवरा गेल्यावर दोन वर्षं तिने आरामच केला होता, भिंतीकडे बघत. त्या आरामाच्या नुसत्या नावाने तिच्या अंगावर काटा यायचा.

आणि फज्जा का उडाला म्हणाल, तर भाच्याच्याच नियमामुळे. हजेरीच्या यंत्राला कार्ड न दाखवता जो बाहेर पाऊल टाकेल, त्याची अर्धी रजा कापायची. झालं! भोंगा वाजला की अख्खं दुकान यंत्रापुढे रांगेत. चपलांच्या विभागातला आणि चादरीवाला तर नंबरावरून हमरीतुमरीवर आले.

"अरे, आग लागलीय आग!" मावशी ओरडली.

"हो मावशी, पण अर्धा दिवस जातो ना!"

दुसऱ्या वेळी भाच्याने स्वतः सांगितलं की सरावात कार्डाची गरज नाही. कुणाचा विश्वास बसेल तर शपथ! रांग होती तेवढीच.

तेव्हा आज सकाळी मावशीने गुपचूप वायरमनला गाठलं. भिंतीवरचं यंत्र काढायला लावलं आणि पार्किंगच्या पार टोकाला, खांबावर बसवलं. मग एकेकाला कोपऱ्यात घेऊन यंत्राची नवी जागा सांगितली आणि दम भरला, "पळायचं नाही, भरभर चालायचं. ज्याच्या विभागात गिऱ्हाईक मागे राहील, त्याला मी यंत्राजवळ फिरकू देणार नाही." भाच्याला तेवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने थयथयाट केला असता.

अकराला भोंगा वाजला आणि काय सांगावं! जी माणसं एरवी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा पाय ओढत जायची, ती गिऱ्हाइकांना पुढे घालून निघाली. एक आजोबा एकाच पायात नवा बूट घालून लंगडत आले, दुसरा बूट हातात घेऊन विक्रेता मागे. एक बाई आरशासमोरून हलेनात, तर पोरींनी त्यांना "बाहेर उजेडात रंग नीट दिसतो" म्हणत आणलं.

"दोन मिनिटं पन्नास सेकंद," साहेब म्हणाले. पार्किंगमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

तिने यंत्रावरची नावं मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली. बेचाळीस हवी होती.

"तुमचे व्यवस्थापक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. घड्याळात चार मिनिटं झाली, आणि साहेबांनी शांतपणे कागदावर लिहिलं, 'मृत : एक.'

"राहिला तो गेला. सरावात आम्ही असंच धरतो."

सराव आहे हे मावशीला कळत होतं हो! पण ते पोर पाचवीपासून तिच्या घरात वाढलेलं. कागदावरचा तो शब्द बघून तिच्या काळजात चर्र झालं. परत आत शिरायचं नाही, हे सगळ्यांच्या डोक्यात तिनेच महिनाभर घातलं होतं. ती तरातरा आत शिरली.

"बाई! थांबा!" साहेब ओरडत राहिले.

तळमजल्यावर भाचा गुडघ्यांवर बसून कपाटामागे हात घालत होता.

"मावशी, यंत्र चोरीला गेलं! कार्ड कशाला दाखवू?"

"गाढवा, आग लागलीय ना!"

"पण अर्धी रजा..."

मावशीने त्याचा कान पकडला आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत त्याला पार्किंगमध्ये आणून उभा केला. तोवर साहेबांनी कागदावर मृत एकाचे दोन केले होते, दुसरी आत शिरलेली मावशी. खाली 'नापास' असा शेरा.

मावशीचा चेहरा उतरला. तिने गळ्यातली शिट्टी काढून भाच्यापुढे धरली. "घे. ठेव तुझा बाहेरचा माणूस."

भाच्याने शिट्टी घेतली नाही. तो कान चोळत उभा होता.

"साहेब, चूक माझीच..."

"तुम्ही बोलू नका," साहेब म्हणाले. "तुम्ही केव्हाच गेलात."

पार्किंगभर हशा पिकला. भाचा मात्र हसला नाही. तो मावशीकडेच बघत होता.

"बाहेरचा माणूस माझ्यासाठी आत आला असता का गं?"

"नसता आला," साहेबच मध्ये बोलले. "आणि तेच बरोबर आहे."

"ते बरोबर तुमच्या कागदावर ठेवा, साहेब," मावशी म्हणाली आणि शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. "आता पुढच्या सरावाची तारीख सांगा. याला मी आधीच बाहेर आणून बसवते."