मानतेचा कोंबडा

हे मी सांगणारच नव्हतो. खरंच. गप्प बसायचं ठरवलं होतं. पण कोंबड्याने गप्प बसायचं म्हणजे काय हाल होतात, ते तुम्हाला नाही कळायचं. शेवटी राहवेना, म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना कोंबडा आहे. जुना म्हणजे म्हातारा, पण आमची मालकीण नानीबाई मला जुनाच म्हणते, तिच्या तव्यासारखा. धडगावच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर आमचं घर. घरात सगळे पावरी बोलतात, तुमच्यासाठी मी मराठीत सांगतोय. शाळेत गेलो नाही. शाळेच्या पडवीत दाणे टिपता टिपता जेवढं कानावर पडलं तेवढंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पिल्लू असतानाच माझ्या आईला मुंगसाने नेलं. नानीबाईचा मुलगा इंद्रसिंग मला शर्टाच्या खिशात घालून हिंडायचा. रात्री मी त्याच्या खाटेखाली. तो वर घोरायचा, मी खाली झोपायचो. मोठा झालो, कंठ फुटला, आणि पहिली बांग दिली ती थेट त्याच्या कानात. तो धडपडून उठला, चप्पल फेकली आणि मग हसत सुटला.

"हा कोंबडा नाही, भोंगा आहे भोंगा!"

तेव्हापासून मी भोंग्या. रोज मी बांग द्यायची, रोज त्याने चप्पल फेकायची. एकदाही लागली नाही. आमचं प्रेमच असं होतं.

दरवर्षी दिवाळी झाली की सगळं घर ट्रकमध्ये बसून गुजरातला ऊसतोडीला जायचं. मीही जायचो, टोपलीत. इंद्रसिंगला त्याचा कंटाळा आला. त्याने शहाद्याला वेल्डिंग शिकून घेतलं आणि एक दिवस जेवताना म्हणाला, "मी ओमानला जातो. मस्कतजवळ पाइपचं काम आहे. अर्धं वर्ष इथं, अर्धं वर्ष उसात, असं मला नको."

त्याचा बाप रायसिंग भाकरी मोडता मोडता थांबला. "गुजरातहून ट्रक परत आणतो. तिकडून तू रडत निघालास तर आणायला कोण येणार?"

"विमान येईल."

"मग विमानाने ये. रडत नको येऊ."

झालं. परवानगी मिळाली.

नानीबाई मात्र मला काखेत मारून टेकडीवर वाघदेवाच्या दगडापाशी गेली. तिथे देवाची पूजा करणारे आमचे पुजारा, बाज्याबाबा, बसले होते. नानीबाईने हात जोडले. "पोराला तिकडे काम लागू दे. त्याच्या कमाईचे पहिले पैसे घरी आले की हा लाल कोंबडा तुला." बाज्याबाबांनी माझ्यापुढे तांदळाचे दाणे ठेवले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं मी. पटापट टिपले.

"दाणे टिपले, म्हणजे मानलं देवानं," बाज्याबाबा म्हणाले.

सगळे खूश. मी पण खूश. फुकटचे तांदूळ! मला वाटलं, आता मी देवाचा म्हणजे आपली काही बढती झाली.

इंद्रसिंग गेला. जाताना माझा तुरा कुरवाळला. पुढे काही दिवसांनी नंदुरबारचे वाहिदभाई मोटारसायकलला टोपली बांधून कोंबड्या घ्यायला आले. माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "नानीबाई, हाऊ लाल्या माले दी टाक. जुना व्हई गया, पन रस्सा झकास व्हई."

"हात लावू नको त्याला! मानतेचा आहे तो, नवसाचा. पोराचे पैसे आले की देवापुढे कापायचा."

मित्रांनो, मी कुंपणावरून खाली पडलो. म्हणजे मी तांदूळ खाल्लेच नव्हते. मी सही केली होती!

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त टेकडीवर, वाघदेवाच्या दगडाशेजारच्या मोहाच्या झाडाखाली. इंद्रसिंगची बहीण जागृती फोन लावायची, सगळे भोवती बसायचे, मीही. आणि इंद्रसिंग सांगायचा, "आई, खोलीचं भाडं कापलं. मेसचं कापलं. कांदा घेताना पण विचार करावा लागतो इथं. बाहेर एक चहा प्यायलो की वाटतं, घरी एवढ्यात अख्खी किटली आली असती. हातात काही उरतच नाही गं."

नानीबाई सुस्कारा टाकायची. आणि मी? मी मनात म्हणायचो, वा! कांदा अजून महाग होऊ दे. भाडं वाढू दे. पैसे उरले नाहीत तर पाठवणार काय? महागाईला मनापासून आशीर्वाद देणारा असा प्राणी जगात दुसरा नसेल.

मग एक दिवस तो म्हणाला, "आई, मुकादम चिडलाय. कामाची गाडी पहाटे चारला निघते आणि मला जागच येत नाही. परत गाडी चुकली तर घरी पाठवणार."

"मोबाईलचा गजर लाव ना!" जागृती म्हणाली.

"लावतो. झोपेत बंद करतो."

रायसिंगने बिडी विझवली. "गजराने हा कधी उठलाय? हा भोंग्याने उठायचा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

जागृतीने माझी बांग मोबाईलवर भरून पाठवली. दोन दिवस चालली, तिसऱ्या दिवशी तो त्यातही झोपला. मग ठरलं, बांग थेट द्यायची. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आमच्याकडे पहाट होते तेव्हा त्याची उठायची वेळ. नानीबाई एका काखेत मला आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन अंधारातच टेकडी चढली.

फोन लागला. "उठ रे," नानीबाई म्हणाली. "हो हो," तिकडून आवाज आला. आणि लगेच घोरणं.

"बोल भोंग्या!"

मी चोच मिटून घेतली. विचार करा ना माझा. आज गप्प राहिलो तर गाडी चुकेल, इंद्रसिंग घरी येईल, पैसे यायचे नाहीत, मी वाचलो. बांग दिली तर नोकरी टिकेल, पैसे येतील आणि मग बाज्याबाबा आणि मी.

पण ते घोरणं! त्याच घोरण्याखाली मी लहानाचा मोठा झालो होतो. ऐकता ऐकता माझ्या पंखांनी फडफड केली, मान वर गेली आणि गळा आपोआप उघडला. अशी बांग दिली, अशी दिली, की मोहावरचे पक्षी उडाले.

तिकडे एकच गोंधळ. "अरे, ये मुर्गा कहाँ से घुसा?" "लाइट जलाओ!" "इंदर, उठ यार!" आणि मग धप्प असा आवाज आला.

त्याने चप्पल फेकली होती. मस्कतमध्ये!

लागली नाही.

तेव्हापासून रोज. आता त्याच्या खोलीतली सगळी माणसं माझ्या बांगेवर उठतात. त्यांच्यातला एक बंगाली तर मला रोज सलाम सांगतो. इंद्रसिंगची गाडी परत चुकली नाही. खोलीवरच स्वयंपाक सुरू केला, बाहेरचा चहा सोडला, आणि पैसे आले.

नानीबाई रडली. मग माझ्याकडे बघून पुन्हा रडली. मी समजलो.

टेकडीवर सगळे जमले. जागृतीने व्हिडिओ कॉल लावून इंद्रसिंगला सगळं दाखवलं. बाज्याबाबांनी माझ्यापुढे दाणे ठेवले. पांढरेशुभ्र. भूक होती, खोटं नाही सांगत. भीती तर त्याहून जास्त. पण डोक्यात एकच घोळत होतं, उद्या याला उठवणार कोण?

मी दाण्याला चोच लावली नाही.

"टिप रे," बाज्याबाबा म्हणाले. दाणे पुढे सरकवले. मी मान फिरवली. फोनमध्ये इंद्रसिंग अगदी जवळ येऊन बघत होता.

शेवटी बाज्याबाबांनी दाणे गोळा केले. "देव आज नको म्हणतोय. ज्याच्यासाठी मानता, तोच समोर नाही. पोरगा येऊ दे, मग विचारू."

"बरं झालं," रायसिंग म्हणाला. "देव थांबेल. मालकाची गाडी नाही थांबत."

इंद्रसिंग एवढ्या जोरात हसला की फोन खरखरला. डोळे मात्र पुसत होता.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी लांब कामाला गेलं असेल, तर पैसे पाठवलेस का एवढंच विचारू नका. उठलास का, जेवलास का, हेही विचारा. तेवढ्यावर माणूस तिकडे टिकतो. मी बघितलंय.

आणि इंद्रसिंग, हे तुझ्यासाठी. होळीला येतो म्हणालास ना? ये. माझी काळजी करून लांबवू नको. आई रोज वाटेकडे बघते. तू समोर बसलास आणि बाज्याबाबांनी दाणे ठेवले की मी मान फिरवणार नाही. एकेक दाणा टिपेन. शब्द देतो तुला. फक्त त्या दिवशी पहाटे तुझ्या खाटेखालून एक बांग देणार.

चप्पल जवळ घेऊन झोप.