डॅशबोर्डखालची डबी

कवळीवाल्याला कसलं व्यसन नव्हतं. दिवसभर तो एका खोलीत बसून लोकांसाठी दात घडवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा त्यावरून कवळ्या करायचा. कानाशी सतत घासयंत्राची किरकिर. म्हणून काम संपलं की त्याला गाडीत बसून गाणी ऐकायला हवी असायची, तीही पोटात घुमणारी, खालच्या सुरांची. पण गाडीतला कंपनीचा स्टीरिओ म्हणजे नुसताच देखणा. "यात गाणं ऐकणं म्हणजे कवळी काढून दाणे खाण्यासारखं आहे," असं तो बायकोला म्हणायचा.

गाडी बायकोच्या मोठ्या भावाची. वापरलेली, पण ठणठणीत. दादाने ती घरातल्या घरात यांना दिली होती. वहिनींनी चालवणं सोडलंय, मग दारात धूळ खात कशाला ठेवायची, असं तो म्हणाला होता.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी कवळीवाला गाडी घेऊन धडामकडे गेला. धडाम हे त्याचं खरं नाव नव्हे. टायरवाले आणि काचवाले यांच्या मधल्या गाळ्यात तो गाड्यांना साउंड बसवायचा आणि त्याने काम केलेली गाडी चौकात वळली की दुकानांची शटर्स थरथरायची, म्हणून ते नाव.

"स्टीरिओ बदलायचा नाही," कवळीवाल्याने बजावलं. "तो आहे तसाच राहू दे. फक्त डिकीत सबवूफर आणि अॅम्प्लिफायर."

"कंपनीच्या स्टीरिओला अॅम्पसाठी वेगळी जागा नसते," धडाम म्हणाला. "मागच्या स्पीकरच्या वायरींतून आवाज चोरावा लागेल. होईल. बसा तुम्ही."

कवळीवाला बसला नाही, बघत राहिला. धडामने बॉनेट उघडून बॅटरीपासून जाड लाल वायर काढली, तिला फ्यूज लावला, इंजिनामागच्या रबरी बुचातून आत ओढली आणि दारापाशी पट्टीखालून डिकीपर्यंत नेली. डिकीत पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंगची वायर जोडली. आता फक्त एक गोष्ट राहिली होती. किल्ली फिरवली की अॅम्प चालू आणि काढली की बंद व्हायला हवा, नाहीतर सकाळी बॅटरी मेलेली. त्यासाठी किल्लीबरोबर जिवंत होणारी वायर हवी होती. ती शोधायला धडाम स्टिअरिंगखाली पाठीवर आडवा झाला, प्लास्टिकची झाकणी काढली आणि तोंडात टॉर्च धरून वायरींत हात घातला.

बराच वेळ तो वायरी चाचपत राहिला. मग टॉर्च तोंडातून काढून म्हणाला, "साहेब, ही तुमची का?"

वायरींच्या जुडग्यामागे काळ्या टेपने गुंडाळलेली एक डबी होती, काडेपेटीएवढी. तिच्यावर एक हिरवा ठिपका उघडमीट करत होता.

"काय आहे हे?"

"ट्रॅकर. आत सिम असतं. गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं." धडामने तिच्याकडे नीट पाहिलं. "कंपनीचा नाही हा. कुणीतरी हाताने बसवलाय. आणि चालू आहे, म्हणजे सिम कुणीतरी जिवंत ठेवलंय. काढू का?"

कवळीवाल्याच्या तोंडून पटकन "नको" निघालं. का, ते त्यालाही कळलं नाही. "आहे तिथेच राहू दे. झाकण लावून टाका."

धडामने त्याच्याकडे एकदा पाहिलं. असल्या गोष्टी त्याने याआधीही पाहिल्या असाव्यात. त्याने झाकण लावलं. दुपारी काम झालं. धडामने आवाज वाढवून दाखवला, गाळ्यातले पाने खिळ्यांवर खुळखुळले. कवळीवाल्याने मान डोलावली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घरी जाताना त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. गाडीला किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी बायकोकडे. ती इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, शिस्तीची बाई, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा एका रेषेत लावणारी. कशाची खातरजमा करून घ्यायची असली तर ती नीट पुराव्यानिशीच घेईल. आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. "काल पुलावरून आलास ना?" असं तिने मागे विचारलं होतं. हिला कसं कळलं? आणि तो सोसायटीच्या फाटकाशी पोचतो न पोचतो तोच तिचा फोन यायचा, "आलास ना खाली? येताना दूध घेऊन ये." इतके दिवस त्याला हे प्रेमाचं वाटत होतं.

त्या संध्याकाळीही तो फाटकात वळला आणि फोन वाजला.

"आलास ना?"

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"कळतं मला," ती हसून म्हणाली.

त्याला ते हसू पचलं नाही. वर गेल्यावर ती आवाज ऐकायला कौतुकाने खाली आली, गाडीत बसली, "अगं बाई, छातीत वाजतंय!" म्हणाली. तो तिच्या पायांकडे बघत होता. पाय डॅशबोर्डखाली, डबीच्या अगदी जवळ होते. ती एकदाही तिकडे बघत नाही, म्हणजे मुद्दामच बघत नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

विचारायला हवं होतं. सरळ विचारलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण संशयाचं असं असतं की तो विचारू देत नाही, पकडायला लावतो. कवळीवाल्याने सापळा लावायचं ठरवलं.

शहराबाहेर हमरस्त्यावर एक लॉज होता. पडदे कायम ओढलेले, नाव ऐकलं की लोक गालातल्या गालात हसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने काम अर्धवट टाकलं, गाडी नेऊन लॉजच्या दाराशी लावली आणि गाडीतच बसून राहिला. गाणं लावलं. खालचे सूर पाठीतून येत होते, अगदी हवे तसे. त्याचं सगळं लक्ष फोनकडे. फोन वाजला नाही. लॉजचा पहारेकरी दोनदा येऊन काचेतून डोकावून गेला. "कुणाची वाट बघताय?" त्याने विचारलं. "बायकोची," कवळीवाला म्हणाला. पहारेकरी समजुतीने मान हलवून निघून गेला.

संध्याकाळी घरी सगळं नेहमीसारखं. म्हणजे हातचं राखून ठेवतेय, असं त्याने मानलं. म्हणून दोन दिवसांनी तो परत जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी मात्र फाटकाशी फोन आला नाही. वर गेला तर बायको खुर्चीत बसलेली, इस्पितळातून आल्यावर बूटही काढलेले नव्हते.

"आज दुपारी कुठे होतास?"

"कामावर. कुठे असणार?"

"लॉजसमोर गाडी होती तुझी. आज, आणि परवाही."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंदही झाला. "सापडलीस!" तो ओरडला. "म्हणजे तूच! नवऱ्याच्या गाडीत यंत्र बसवतेस? लाज नाही वाटली?"

"कसलं यंत्र?"

"नाटक पुरे. डॅशबोर्डखाली डबी आहे, मी डोळ्यांनी बघितली. तू माझ्यावर पाळत ठेवतेस, म्हणून मुद्दाम जाऊन उभा राहिलो मी तिथे. बघायला, की तू काय करतेस!"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे रडून लाल झालेले त्याला आता दिसले.

"मला दादाने फोन केला," ती सावकाश म्हणाली. "तासाभरापूर्वी. म्हणाला, मन घट्ट कर, जावईबापूंची गाडी दोनदा लॉजसमोर उभी होती. मला वाटलं, त्याने येता-जाता बघितली."

"आणि रोज मी फाटकात आलो की तुला कसं कळतं?"

"खिडकी आहे ना स्वयंपाकघराला!" ती जवळजवळ किंचाळली. "कोपऱ्यावर वळलास की दिसतोस! आणि पुलाचं म्हणत असशील तर चाकांना तिथे चाललेल्या कामाची लाल माती होती!"

 मग दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी तेच आलं. दादाला कसं दिसलं? तो त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या गोदामात असतो.

"चल," बायको म्हणाली. बूट पायातच होते.

वाटेत फुटपाथशेजारी थांबून कवळीवाल्याने खाली हात घातला आणि डबी उपटून काढली. हिरवा ठिपका विझला. दादाच्या घरी दार वहिनींनी उघडलं. हातात इस्त्री करायचे कपडे. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या, अलीकडे तर बोलणंच सोडल्यासारख्या. दादा आतून आला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवणार होता, तेवढ्यात कवळीवाल्याने डबी टेबलावर आपटली.

"दादा, हे तुमचं ना?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, ते... ते जुनं आहे. काढायचं राहून गेलं."

"राहून गेलं, आणि तुम्ही अजून बघत बसता?"

"बघत नाही रे. फोनवर आपोआप येतं. तुझ्या भल्यासाठीच... म्हणजे हिच्या भल्यासाठी." त्याने बहिणीकडे पाहिलं. "आणि तू लॉजवर काय करत होतास ते सांग आधी!"

"दादा," बायको मध्येच म्हणाली, "पण हे बसवलंस कधी? गाडी आम्हाला द्यायच्या आधी? तेव्हा तर वहिनी ती चालवायची."

तिला बोलता बोलताच कळलं असावं, कारण शेवटचा शब्द तिने जवळजवळ गिळला.

वहिनींनी कपडे खुर्चीवर ठेवले. पुढे होऊन डबी उचलली आणि तळहातावर ठेवून बघितली. वहिनींचे वडील म्हातारपणी धाकट्या मुलीकडे, म्हणजे वहिनींच्या बहिणीकडे राहत. सासरा-जावयाचं जुनं हाडवैर, कधीतरी चारचौघांत सासऱ्याने दादाचा पाणउतारा केला होता. त्या घराची पायरी चढायची नाही, असं दादाने घरात बजावलेलं. वहिनी तरी जायच्या, दुपारी, गाडी घेऊन. ते फक्त धाकट्या बहिणीला माहीत होतं. आणि एक दिवस दादाने जेवायच्या ताटावर वहिनींना त्या फेऱ्यांचे वार आणि वेळा सांगितल्या होत्या.

"तुम्ही म्हणालात, धाकटीनेच सांगितलं," वहिनी म्हणाल्या.

"मी असं म्हटलं नव्हतं. तू विचारलंस, मी नुसता गप्प बसलो."

"दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही." त्यांचा आवाज वर गेला नाही. "ती दाराशी येऊन रडत होती आणि मी दार उघडलं नाही. बाबा फोनवर विचारायचे, काय झालं गं तुम्हा दोघींना? शेवटी त्यांनीही विचारणं सोडलं. आणि तू रोज इथे बसून जेवत होतास."

लग्नापासून त्यांनी नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. 

वहिनी कवळीवाल्याकडे वळल्या. "चावी द्या."

"वहिनी, मी सोडतो ना."

"मला येते चालवता."

त्याने चावी दिली. त्या घरच्याच चपला घालून जिना उतरल्या. खाली गाडी सुरू झाली, आणि आवाज तसाच वाढवलेला राहिला होता, त्यामुळे सबवूफरचा असा दणका बसला की दादाच्या शोकेसमधल्या काचा खणखणल्या. क्षणभर गाणं थांबलं. मग, बहुधा त्यांना तसंच हवं होतं म्हणून, परत तेवढ्याच आवाजात सुरू झालं आणि गल्ली ओलांडून दूर गेलं.

"जाऊ कसं दिलंस तिला?" दादा कवळीवाल्यावर खेकसला.

"तू आता गप्प बस, दादा," बायको म्हणाली.

ती दोघं बस पकडून घरी आली. बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून होती. थांबा आल्यावर म्हणाली, "दादा निदान बायकोवर पाळत ठेवून मोकळा झाला. तू तर मला पकडायला लॉजवर जाऊन बसलास."

"मला वाटलं..."

"तेच. वाटलं, आणि विचारलं नाहीस."

वहिनी बहिणीकडून बऱ्याच दिवसांनी परतल्या. बहिणींचं लगेच जुळलं असं नाही. धाकटीने पहिल्या संध्याकाळी दार उघडलं, पण आत ये म्हणायला वेळ घेतला, हे वहिनींनीच नंतर नणंदेला सांगितलं. वडील मात्र दोघी एका खोलीत दिसल्या म्हणून चहा सांडेपर्यंत हसले. आता वहिनी सांगून जातात, विचारून नाही. दादा दारात उभा राहून बघतो. गाडी त्यांनी परत केली तेव्हा टाकी भरलेली होती.

कवळीवाल्याच्या घरी वेगळंच सुरू झालं. बायको त्याला सगळं कळवू लागली. लॅबमधून निघाले. भाजी घेतेय. कोपऱ्यावर आहे, समोर काळा कुत्रा आहे. सोबत कधी कधी फोटोही. "पुरे ना आता," तो म्हणायचा. "का? नंतर तुला काही वाटायला नको," ती म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत कळवायची. त्याला गाडीतली गाणी ऐकवेनात. मध्येच फोन टिणटिण करायचा.

मग हळूहळू ते कमी झालं. एका संध्याकाळी काहीच आलं नाही. ती उशिरा घरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि हात धुवायला आत गेली. उशीर का झाला, ते बोलली नाही. कवळीवाला जागेवरून उठला. प्रश्न ओठांवर आला होता. तो परत बसला, आणि ती बाहेर आल्यावर म्हणाला, "चहा ठेवू का?"

"ठेव," ती म्हणाली.