घडण्याआधीच पोचलेला अंगठा

साहेब, चंदाबाईला तुम्ही कामावरून काढलं आणि नाव माझं सांगितलं. "मशीननं लिहिलंय, माझ्या हातात काही नाही," असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. सगळं तुमच्याच हातात होतं. मला तर हातच नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अकोटजवळ कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात, खिडकीखालच्या लोखंडी टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. अंगावर रुई साचते. दिवाळीला कोणी फडकं मारलं तर मारलं. माझे भाग कुठे जोडले गेले ते मला ठाऊक नाही, पण शहाणपण मला मिळालं ते इथेच, खुशालराव मिस्त्रींकडून.

आवारात जे घडेल त्याची बातमी माझ्याकडे येते. प्रत्येक बातमीच्या कपाळावर वेळ लिहिलेली असते. कापसाची चौथी गंजी बावन्न अंश तापली, अकरा वाजून तीन मिनिटं. पट्टा थांबला, अकरा वाजून सात. या बातम्या शहाण्या मुलांसारख्या रांगेत येत नाहीत. तार ढिली झाली की दहाची बातमी सव्वादहाला पोचते आणि तिच्यामागची आधीच येऊन बसलेली असते. म्हणून मी दोन वेळा लिहून ठेवतो: गोष्ट घडली कधी आणि माझ्याकडे पोचली कधी. मग घडल्या वेळेप्रमाणे सगळ्या ओळीत लावतो आणि नियमांशी ताडून पाहतो.

ते नियम खुशालरावांचे. कापसाची गंजी आतून धुमसायला लागली की नुसत्या वासावरून त्यांना कळायचं. अकोल्याहून श्रावणी नावाची इंजिनिअर आली. चार दिवस त्यांच्याजवळ बसून तिनं त्यांचं डोकं माझ्यात उतरवलं.

"गंजी साठच्या वर गेली का भोंगा वाजव," खुशालराव सांगायचे. "राखणीवरच्या माणसानं गंजीपाशी येऊन अंगठा लावला का भोंगा बंद. पाच मिंटात अंगठा नाही लागला, त त्याचं नाव लिव. पन लिवाच्या आंधी त्याले इचार."

"काका, मशीन कसं विचारेल?"

"मशीनच्या मांगं खुर्चीवर मानूस बसते ना पोरी? का तो निरा चहा प्यालेच हाये?"

श्रावणी हसली आणि तिनं तोही नियम घातला. नाव पक्कं होण्याआधी माझ्या पडद्यावर यायचं, 'माणसाला विचारलं का?' होय म्हटल्याशिवाय मी पुढे जायचो नाही.

माझे ते दिवस चांगले गेले. अमरावतीहून पाहुणे मला बघायला यायचे. कोणी मला हुशार म्हणालं की खुशालराव म्हणायचे, "हुशार नाही, आइकनारा हाये." रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते सगळी घड्याळं मिळवायचे. गेटवरचं, गंजीपाशी अंगठ्याच्या यंत्रातलं, माझं. चष्मा कपाळावर चढवून, एकेक. मागच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि घड्याळं मिळवणं बंद पडलं.

साहेब, तुम्ही दोन कामं केलीत. वेळ जातो म्हणून विचारायचा नियम काढून टाकलात. आणि लोक उशिरा येतात म्हणून एका सोमवारी गेटवरच्या देवमनला गंजीपाशीचं अंगठ्याचं यंत्र, ज्यावर हजेरीही लागते, दहा मिनिटं पुढे करायला लावलंत.

आपल्याकडे घरोघरी घड्याळ पुढेच असतं. एसटी चुकू नये म्हणून. पण घरातल्या प्रत्येकाला ते माहीत असतं, जो तो मनातल्या मनात दहा वजा करतो. मला कोणी सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चौथी गंजी साठच्या वर गेली. मी भोंगा वाजवला. राखणीला हिवरखेडच्या चंदाबाई होत्या. त्या धावत आल्या, अंगठा लावला, आणि मी भोंगा बंद केला. माझ्या घड्याळात दोन वाजून बारा. मग त्यांनी हातानं कापूस उपसून धुमसता गोळा बाहेर ओढला. तळहात भाजला, गंजी वाचली.

पण त्या अंगठ्याच्या कपाळावर वेळ होती दोन बावीस. मी बावीसमधून दहा वजा केले आणि लिहिलं: बारा मिनिटं उशीर, चंदाबाई, जागेवर नाही. त्याच अंगठ्यावर मी भोंगा बंद केला, आणि त्याच अंगठ्यावर मी त्यांना दोषी ठरवलं. दोन नियम शेजारी राहत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चंदाबाई हाताला फडकं गुंडाळून तुमच्यापुढे उभ्या राहिल्या.

"मी त तवाच गेली होती, साहेब."

"मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"मंग भोंगा कोनं बंद केला? साऱ्या जिनिंगनं आइकलं. मशीनले इचारा ना."

तुम्ही विचारलं नाही. घरी पाठवलंत.

शनिवारी श्रावणी आली. खुशालरावांनीच तिला फोन केला होता. तिनं माझ्या दोन्ही वेळा समोरासमोर ठेवल्या. मग देवमनला बोलावून म्हणाली, "दादा, बातमी उशिरा येऊ शकते. घडण्याआधी कशी येईल? हा अंगठा लागला बावीसला आणि इथे पोचला बाराला."

देवमननं मान खाली घातली. "साहेबांनीच सांगतलं होतं, म्याडम. मी काय करू?"

श्रावणीनं तो कागद छापून तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही त्यावर पेपरवेट ठेवलात.

मित्रांनो, चूक माझीही आहे. दोन्ही वेळा माझ्याच पोटात होत्या आणि मी त्या ताडून पाहिल्या नाहीत, कारण तसा नियम कोणी दिला नव्हता. माझ्यासारखी यंत्रं आता तुमच्या शाळेत येतील, दवाखान्यात येतील. त्यांची धूळ पुसा, घड्याळं मिळवा. आणि त्यांनी कोणाचं नाव लिहिलं, तर आधी त्या माणसाला विचारा.

साहेब, आज सोमवार. चंदाबाई पहिल्या एसटीनं आल्यात, गेटाबाहेर उभ्या आहेत. मला खिडकीतून दिसतात. पेपरवेट उचला आणि त्यांना तोंडानं सांगा: बुधवारी दोन वाजून बारा मिनिटांनी भोंगा कोणाच्या अंगठ्यानं बंद झाला.