सहावा नट

मी स्टेपनी बोलतेय. शिवकांतच्या पिकअपच्या पोटाखाली साखळीनं टांगलेली, लोखंडी डिस्कची, एकटी.

दसरा झाल्यावर पहिल्यांदा गाडी सुरू झाली, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं. गाडी हलली की सीटमागच्या पिशवीत एक बारीक खुळखुळ व्हायची, लिंबाएवढ्या एका किल्लीची. त्या दिवशी जॅक वाजला, पाना वाजला, पण ती खुळखुळ काही आली नाही. मी तशी भित्री. खालून खडा उडाला तरी दचकते. पण माझं दचकणं कुणाला ऐकू जाणार? चार खड्डे गेले आणि मीही विसरले.

ती किल्ली कशाची, ते आधी सांगते.

आम्ही पाच बहिणी. एकाच कारखान्यात, लोखंडी पत्र्यातून जन्मलेल्या. रूप असं काही नव्हतंच. चौघी पळायच्या, मी टांगून असायची. सोनपेठजवळच्या आमच्या गावातून आम्ही कापूस वाहिला, बैल वाहिले, एकदा तर आख्खं वऱ्हाड. खड्ड्यात कुणी वाकली की पाथरीला धम्मदीपच्या टायरच्या दुकानात जायचं. तो हातोडीनं चार ठोके घालायचा आणि ती पुन्हा रस्त्याला लागायची. वाकायचं आणि सरळ व्हायचं, एवढंच आम्हाला येत होतं.

मग शिवकांतसाठी पोरी बघायला सुरुवात झाली. एका ठिकाणी कुणीतरी गाडीकडं बघून हसलं म्हणे. आठवड्यात आम्ही धम्मदीपच्या दुकानात उभ्या. भिंतीला चकचकीत अलॉयची चाकं टांगलेली.

"शिवाभाऊ, ऐका माझं," धम्मदीप म्हणाला. "लोखंड वाकतंय, वाकलं तर सरळ करता येतंय. हे वाकत न्हाई, तडकतंय. तुमच्या गावचा रस्ता बघून बोलायलोय."

"तू टायर बघ, रस्ता मी बघतो."

सोबत धाकटी बहीण ऋतुजा होती. परभणीला बीएस्सीला शिकते, सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "दादा, वैनी चाकाकडं बघंल का तुझ्याकडं?"

"माझ्याकडं बघू नये म्हणूनच तर चाकं घ्यायलोय."

सगळे हसले. त्या हसण्यातच माझ्या चारही बहिणी भंगाराच्या ढिगावर गेल्या. अलॉय चारच मिळत होती, म्हणून मी राहिले. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाच्या सहा नटांपैकी एक नट कुलपाचा बसवला. गोल, गुळगुळीत, पान्याला दाद न देणारा. तो फक्त त्या लिंबाएवढ्या किल्लीनं उघडायचा.

"किल्ली गाडीच्या बाहेर काढू नका," धम्मदीप म्हणाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन खाली वाकला आणि माझ्या अंगावर त्यानं स्वतःचा फोन नंबर लिहिला. "हरवलीच तर मला फोन लावा. हा नट काढायचं सामान हाय माझ्याकडं."

त्यावर पावसाळाभराचा चिखल बसला. नंबर सगळे विसरले.

दसऱ्याला ऋतुजानं गाडी धुतली. चारी अलॉयला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग आडवी होऊन गाडीखाली सरकली आणि माझ्याही टायरला कुंकवाचं बोट लावलं. गंगम्मा, तिची माय, ओरडली, "अगं चिखलात काय लोळायलीस?"

"स्टेपनीला कोण पुसतंय माय? म्हणून लावलं."

माझ्या आयुष्यात एवढं एकच बोट. त्या पोरीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. ती जात्याच काळजीची. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारी, दार आपटलं तरी छातीवर हात ठेवणारी. गाडीतली सगळी हत्यारं तिनं पूजेला देव्हाऱ्यापुढं मांडली: जॅक, पाना आणि ती किल्ली.

आज सकाळी शिवकांत तुरीवर फवारणी करायला गेला. दोन औषधं एकत्र केलेली, तोंडाला रुमालसुद्धा नाही. दहाच्या सुमारास बांधावरच पडला, त्याचा फोनही तिथंच राहिला. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोनपेठच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "विष अंगात भिनलंय. परभणीला न्या, वाटेत थांबू नका." अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. ऋतुजानं गाडी आजवर शेतातच चालवली होती, भाऊ शेजारी बसवून. आज भाऊ शेजारीच होता, मायच्या मांडीवर डोकं टाकून.

लवकर पोचावं म्हणून तिनं पाथरीचा आतला रस्ता धरला. पाथरी दहा किलोमीटरवर राहिली आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं. ताट फुटावं तसा आवाज झाला. गाडी एका अंगाला बसली. लोखंड असतं तर वाकलं असतं, रडतखडत पाथरीपर्यंत गेलं असतं. अलॉयचा तुकडा उडून बाभळीत पडला.

"ऋतू, काय झालं गं?"

"काही न्हाई माय. चाक बदलते, पाच मिनिटं."

तिनं साखळी सोडून मला खाली घेतलं. पान्यावर उभी राहून तिनं एक नट सोडवला, दुसरा, तिसरा. पाच सुटले. सहाव्यावर पाना नुसता गरगर फिरला. तिनं पिशवी उलटी केली, सीटखाली हात घातला, डॅशबोर्ड उपसला. मग एकदम थांबली आणि आपल्याच तोंडावर हात ठेवला.

"माय, किल्ली देव्हाऱ्यातच राहिली. हरवू नये म्हणून मीच देवाच्या फोटोमागं ठेवली होती."

"मग घरी फोन लाव की."

"घरी कोण हाय?"

गंगम्माचा हात कमरेवर गेला. घराला कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली तिच्याच कमरेला.

एक उसाचा ट्रॅक्टर आला. ऋतुजा हात हलवत मागं पळाली, पण गाण्याच्या आवाजात त्याला काही कळलं नाही. एक मोटारसायकलवाला थांबला. मान टाकलेल्या माणसाला मोटारसायकलवर बसवायचं कसं? "पुढून गाडी पाठवतो," म्हणून गेला. त्यालाही आता बराच वेळ झाला. १०८ वर सांगितलंय, पण त्यांच्या गाडीला तासभर लागणार.

आता ऊन डोक्यावर आलंय. मी रस्त्याच्या कडेला आडवी पडलेय. हवा पूर्ण, टायर नवा, अंगात काही खोट नाही. पाच बोल्ट माझी वाट बघतायत, सहाव्यावर तो गोल नट तसाच. हातभर अंतरावर असून मी कुणाच्या कामाची नाही.

आत गंगम्मा एकसारखी हाक मारतेय. "शिवा, अरं शिवा, डोळे उघड लेकरा." आधी तो हुंकार द्यायचा. आता नुसता घरघर श्वास येतो, दोन श्वासांत अंतर पडतं. ऋतुजाला ते बाहेर ऐकू येतं, म्हणून ती आत बघतच नाही.

ती माझ्याजवळ मटकन बसली. टेकवलेल्या हाताखाली वाळलेल्या चिखलाचा पोपडा सुटला. खाली पांढरं काहीतरी. तिनं बघितलं, मग ओढणीनं घासघासून पुसलं. एक आकडा, दोन आकडे, आख्खा नंबर.

रेंजची एकच कांडी. पहिल्यांदा लावला, रिंग वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही तसंच. दुकानात हवेचं मशीन सुरू असलं की धम्मदीपला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तिला कसं सांगू?

माणसांनो, चाकं लोखंडाची घ्या नाहीतर अलॉयची, ज्याची त्याची हौस. पण अडल्या वेळी आपला हात चालेल अशी घ्या. आणि मला देव्हाऱ्यात नेऊ नका, माझी किल्ली तर नाहीच नाही. आमची पूजा रस्त्यावरच असते.

ऋतुजानं तिसऱ्यांदा फोन लावलाय. कानाला घट्ट दाबून धरलाय, दुसरा हात माझ्यावर. रिंग वाजतेय. आत गंगम्माची हाक बारीक होत चाललीय. पाचवी रिंग. सहावी.

"हॅलो, टायरवाला धम्मदीप बोलायलोय. कोण?"