आडवी खाडाखोड, उभी खाडाखोड

सासऱ्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि सुनेच्या हातातलं खोडरबर जागच्या जागी थांबलं. आता पकडली जातेय की काय, असं तिला झालं.

कोडं त्यांचं होतं. उभं आयुष्य पेपरात शब्दकोडं दिलेला माणूस. चूक काढून दाखवा म्हणायचा, आणि काढायची कुणाची टाप नव्हती. अलीकडे मात्र चुका छापून यायला लागल्या, वाचकांनी फोन करकरून संपादकांचं डोकं खाल्लं. संपादकांनी सुनेला स्पष्टच सांगितलं, "आणखी एक झाली, तर सदर बंद." सदर बंद झालं की म्हातारा खचणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? तेव्हापासून कोडं पाठवायचं काम तिने अंगावर घेतलं, आणि पाठवण्याआधी गुपचूप तपासायचं.

आजचा विषय होता लेखनातली दुरुस्ती. एक सूत्र होतं 'छापून झाल्यानंतरची प्रत', उत्तर 'मसुदा'. काय म्हणावं याला! तिने लिहिलं, 'छापण्याआधीची कच्ची प्रत'. पण पुढे 'खाडाखोड' हे एकच उत्तर आडवंही होतं आणि उभंही, म्हणजे आणखी एक चूक. कोड्यातला एक शब्द उपटला की त्याला चिकटलेले सगळे हलतात. घामाघूम होत तिने कसाबसा दुसरा शब्द बसवला. पेपरच्या ऑफिसचा फोन आता कधीही येणार होता.

"बसला का शब्द?"

बाबा दारात उभे होते. तिने खोडरबर मुठीत लपवलं.

"पेपरातलं कोडं मला माझं वाटेना," ते म्हणाले. "म्हणून आज मुद्दाम एक चूक पेरली. मसुदा. सापडली ना? बघ, सूनबाई, एवढा काही मी कामातून गेलेलो नाही."

ते खुशीत होते, आणि ही रडकुंडीला आलेली. कागद झाकावा असं तिला फार वाटलं. पण या माणसाशी आणखी खोटं वागवेना.

"बाबा, दोन होत्या."

तिने दुसऱ्या जागेवर बोट ठेवलं. खोडलेली अक्षरं अजून पुसट दिसत होती. बाबांनी वाकून आडवं वाचलं, मग उभं वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच."

फोन वाजायला लागला. बाबा खुर्चीचा हात धरून हळूच बसले. पेन्सिल उचलली, परत ठेवली. जन्मात जे कुणाला विचारलं नव्हतं, ते त्यांनी सुनेला विचारलं.

"आता बरोबर आहे ना गं?"