गाळाखालची तुटक रेघ

“जिथे दिसत नाही, तिथे रेघ तुटकच काढायची. अंदाज कितीही पक्का असू दे.”

हे काम शिकवणाऱ्या सरांना जाऊन कैक वर्षं झाली, पण पडद्यावर समुद्रतळाचं चित्र उघडलं की तिच्या कानात त्यांचेच शब्द घुमत.

काम तिचं असं, की जहाजातून पाण्यात आवाज सोडायचा, तो तळाखालच्या थरांवर आपटून परत यायचा, आणि त्या प्रतिध्वनींच्या चित्रातून खाली काय दडलंय ते तिने वाचायचं. सगळ्यात खाली हिमनदीने दाबून दाबून टणक केलेली दगडगोट्यांची माती. बर्फ वितळल्यावर तिच्यावर साचलेला मऊ गाळ. त्या गाळात कुठे वायू अडकलेला असला, की आवाज तिथेच अडायचा आणि त्याखालचं चित्र पुसल्यासारखं कोरं. तिथे टणक थराची रेघ ती तुटक काढी. ऑफिसात तिचं नावच पडलं होतं, तुटकबाई.

आज अंतिम नकाशा हातात आला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वायूच्या पट्ट्यातली तिची तुटक रेघ कुणीतरी सलग केली होती. खाली नाव मात्र तिचंच!

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. “ही रेघ कोणी जोडली?”

“मीच. अहो, पट्ट्याच्या अलीकडे टणक थर, पलीकडे टणक थर. मधे काय तो रजेवर गेलाय?”

“दोन्हीकडून तो खाली उतरत गेलाय, साहेब. बर्फाखालच्या पाण्याने कोरलेली घळ असेल तिथे, गाळाने भरलेली. एक बोअर मारून बघा, एवढंच म्हटलं होतं मी. माणसं घेऊन समुद्रात उभा राहायचा त्या तराफ्याचे लोखंडी पाय तिथेच तळाला टेकायचेत ना? एक पाय खचला तर वरची माणसं कुठे जातील?”

“तुटकबाई, उगाच घाबरवू नका. तराफा उद्या निघतोय. तुमचे दादाच मुकादम आहेत ना त्यावर? नकाशावर तुमचं नाव बघितलं आणि लगेच हो म्हणाले.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न दिसलेलं दिसलं म्हणून सांगायचं, तेही माझ्या तोंडून, आणि माझ्याच भावाला? खोटी साक्ष याहून वेगळी असते का?

दादा परवाच घरी जेवताना म्हणाला होता, “बाकी कुणाचं मला कळत नाही गं. पाय टेकवायच्या आधी तू सांग, खाली काय आहे ते. तू नको म्हणालीस तर एकालाही चढू देणार नाही.”

“सांगेन,” ती म्हणाली होती.

“आता आणखी काय?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही.”

आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. जागेवर येऊन तिने मूळ चित्र छापून घेतलं, मधला कोरा पट्टा जसाच्या तसा ठेवून. त्याची गुंडाळी केली, पदर खोचला आणि कुणाला काही न सांगता दादाचा तराफा लागला होता त्या धक्क्याची वाट धरली.